लस पुण्याची, पट्टी परदेशाची!

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गांबिया नावाचा एक चिमुकला देश आहे. नकाशावर तो शोधावाच लागतो. या देशात झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केले. गोवर आणि रुबेला या दोन रोगांवरची लस सुई न टोचता, मनगटावर लावायच्या लहानशा पट्टीतून देता येते काय, हा चाचणीचा विषय होता. ४५ प्रौढ, १५ ते १८ महिन्यांची १२० बालके आणि नऊ महिने पूर्ण झालेली १२० अर्भके तीत सहभागी झाली. पट्टीतून लस मिळालेल्या अर्भकांपैकी ९३ टक्क्यांच्या शरीरात गोवरविरोधी प्रतिपिंडे तयार झाली. सुईने लस मिळालेल्यांत हेच प्रमाण ९० टक्के होते. रुबेलाच्या बाबतीत दोन्ही गटांत शंभर टक्के यश आले. पट्टीच्या जागी त्वचा काही काळ घट्ट होण्यापलीकडे तक्रारीला विशेष जागा उरली नाही.

ही पट्टी बनवली अमेरिकेतील अटलांटा येथील मायक्रॉन बायोमेडिकल या कंपनीने. पैसा पुरवला बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने. चाचणी पार पाडली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या गांबियातील केंद्राने. आणि पट्टीत भरलेली लस कोणाची? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची!

म्हणजे ज्या द्रव्यावाचून ही पट्टी निव्वळ चिकटपट्टीच ठरली असती, ते द्रव्य मुळा-मुठेच्या काठचे. आणि ज्या तंत्रामुळे जग या पट्टीकडे डोळे लावून बसले, ते तंत्र मात्र सातासमुद्रापलीकडचे. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. पण उद्या ही पट्टी बाजारात येईल आणि आपल्याच लसीसाठी परकीयांच्या पेटंटचे मूल्य मोजण्याची वेळ येईल, तेव्हा ती म्हण आठवून उपयोग होणार नाही. विचार करायचा तर तो आज.

सुई, पण न दिसणारी

या पट्टीत सुया नसतात असे नव्हे. त्या शेकड्याने असतात; मात्र प्रत्येकीची लांबी एक मिलिमीटरहूनही कमी असते. माणसाच्या त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर अवघा दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा असतो. हीच शरीराची तटबंदी. ती ओलांडली की खालच्या थरांत रोगप्रतिकारक यंत्रणेचे पहारेकरी खच्चून भरलेले असतात. लँगरहान्स पेशी म्हणून त्या ओळखल्या जातात. परके द्रव्य दिसताच ते पकडून लसिकाग्रंथींपर्यंत वर्दी पोहोचवायची, हे त्यांचे काम. नेहमीची सुई ही सारी चौकी ओलांडून थेट स्नायूत किंवा त्वचेखालच्या चरबीत उतरते, जिथे पहारा विरळ असतो. सूक्ष्मसुई नेमकी चौकीपाशी थांबते. वेदना जाणवून देणाऱ्या मज्जातंतूंशी तिची फारशी गाठच पडत नाही, म्हणून बाळ कळवळत नाही.

या कल्पनेचे पहिले पेटंट १९७६ मध्ये अमेरिकेत घेतले गेले. पण इतक्या बारीक सुया घडवायच्या कशा, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. संगणकाच्या चिप कोरण्याचे तंत्र विकसित झाले आणि त्याच तंत्राने १९९८ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यापीठातील मार्क प्रॉस्निट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मसुईतून त्वचेपार द्रव्य नेता येते हे दाखवून दिले. पुढची पायरी अधिक चतुर होती. सुई धातूची न करता साखर आणि विरघळणाऱ्या बहुवारिकाची करायची आणि लस त्या मिश्रणातच मिसळायची. पट्टी दाबली की सुया त्वचेत शिरतात आणि काही मिनिटांत विरघळून जातात. मागे उरतो तो कागदाचा तुकडा. टोकदार कचरा नाही, वापरलेली सुई दुसऱ्याला टोचण्याची भीती नाही.

२०१७ मध्ये अटलांटाच्याच एमरी विद्यापीठात इन्फ्लूएन्झाच्या लसीची अशी पट्टी शंभर प्रौढांवर तपासण्यात आली. त्यातील एका गटाने ती परिचारिकेच्या मदतीवाचून स्वतःच्या हाताने लावली, आणि तिचा परिणाम परिचारिकेने लावलेल्या पट्टीइतकाच दिसून आला. या पट्टीतील लस ४० अंश सेल्सिअस तापमानात वर्षभर टिकली, ही आणखी एक नोंद. ज्यांनी विदर्भाचा वैशाख अनुभवला आहे, त्यांना या एका वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

बाटली, बर्फ आणि चार तास

शहरातील सुस्थित कुटुंबाला लसीकरण म्हणजे बालरोगतज्ज्ञाचा वातानुकूलित दवाखाना आणि बाळाचे पाच मिनिटांचे रडणे एवढेच वाटते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, मेळघाटातील कोरकू वस्तीवर लस पोहोचते ती बर्फाच्या डब्यातून. जिल्ह्याच्या भांडारापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणि तिथून परिचारिकेच्या खांद्यापर्यंत दोन ते आठ अंशांची शीतसाखळी अखंड राहावी लागते. एक कडी तुटली की लस निकामी. आणि निकामी झालेली लस दिसायला अगदी चांगल्या लसीसारखीच असते.

गोवराच्या लसीची कहाणी तर आणखी अवघड. ती भुकटीच्या रूपात येते. सोबतच्या द्रावणात ती कालवली की घड्याळ सुरू होते. चार तासांत बाटली संपवायची, उरलेली फेकून द्यायची. एका बाटलीत पाच किंवा दहा बालकांची लस असते. वस्तीवर एकच बाळ आले असेल तर परिचारिकेने काय करावे? बाटली फोडावी तर उरलेली लस वाया जाते आणि वरून जाब विचारला जातो. न फोडावी तर ‘पुढच्या खेपेला या’ असे सांगावे लागते. पुढच्या खेपेपर्यंत ते बाळ आईवडिलांबरोबर ऊसतोडीला निघून गेलेले असते. बीडच्या किती ऊसतोड कुटुंबांतील मुले अशी दोन तालुक्यांच्या नोंदवह्यांमधून निसटत असतील, याचा हिशेब कोणत्या दप्तरात मांडला जातो?

कालवण्यातला धोका याहून भीषण. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये सीरियातील इदलिब प्रांतात गोवराच्या लसीत द्रावणाऐवजी चुकून स्नायू शिथिल करणारे भुलीचे औषध मिसळले गेले आणि १५ चिमुकली बालके दगावली. शंभर वर्षांपूर्वीच्या भारताचा अनुभवही हेच सांगतो. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी प्लेगची लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका ठेवला गेला तो मुंबईच्या प्रयोगशाळेत ही लस घडवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर. दोष लसीत नव्हता, गावी बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीत होता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. तोवर एका निष्ठावंत शास्त्रज्ञाची उमेद खचून गेली होती. जिथे बाटलीच नाही तिथे बाटली उघडण्यातली चूकही नाही. पट्टीचे मोठेपण हे आहे. ते केवळ बाळाचे रडणे थांबवण्यात नाही.

आणि गोवर म्हणजे अंगावर उठणारे, आठवड्यात मावळणारे पुरळ अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी २०२२ च्या अखेरीची मुंबई आठवावी. गोवंडीच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत गोवर पसरला, भिवंडी-मालेगावातही पोहोचला आणि कोवळी मुले प्राणाला मुकली. देशाच्या आर्थिक राजधानीत, नामांकित रुग्णालयांच्या सावलीत ही मुले गेली. जगभरात २०२३ या एका वर्षात गोवराने सुमारे १ लाख ७ हजार बळी घेतले. हा रोग रोखायचा तर शंभरातील ९५ बालकांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. गोवर-रुबेला निर्मूलनासाठी भारताने ठरवलेले २०२० साल हुकले, २०२३ हुकले, मग २०२६ ठरवण्यात आले. तारखा पुढे ढकलल्याने रोग मागे हटत नाही.

पुण्याने दिलेला धडा

सुईला पर्याय शोधण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. गोवराची लस श्वासावाटे, तुषारांच्या रूपाने देण्याची मोठी चाचणी भारतातच झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांचा तीत प्रमुख सहभाग होता. ग्रामीण भागातील २००४ अर्भके त्यात होती. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुषारांतून लस घेतलेल्या ८५.४ टक्के बालकांत प्रतिपिंडे तयार झाली, सुईने घेतलेल्यांत ९४.६ टक्के. फरक नऊ टक्क्यांचा. निकाल स्वच्छ होता. तुषारांची लस सुईची बरोबरी करू शकत नव्हती.

ही चाचणी अपयशी म्हणून विसरली गेली. वास्तविक ती अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. भारतीय संशोधकांनी दोन हजार बालकांची काटेकोर नोंद ठेवली, मनासारखा निकाल आला नाही तरी तो जगापुढे जसाच्या तसा मांडला आणि एक चुकीची वाट कायमची बंद केली. खंत आहे ती पुढची. एक वाट बंद झाल्यावर दुसरी वाट चोखाळण्याची जिद्द त्याच तडफेने दिसायला हवी होती. ती दिसली अटलांटामध्ये आणि ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनमध्ये. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, गावी आदी संस्थांनी मिळून लस देण्याच्या नव्या तंत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा या पट्ट्यांना अग्रक्रम दिला गेला. त्यानंतर तरी जाग यायला हवी होती.

क्षमता नाही, ही सबब चालणार नाही

भारताला हे पेलणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी थोडा अलीकडचा इतिहास चाळावा. आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी पिढ्यान्‌पिढ्या मुले गिळत होत्या, तिथल्या सरकारांना परवडेल अशी लस बनवायला पाश्चात्त्य कंपन्या पुढे येईनात. ती पुण्यात बनली. २०१० च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासो देशात ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस पहिल्यांदा मोठ्या मोहिमेत दिली गेली. तिची किंमत अर्ध्या डॉलरहूनही कमी होती. रोटाव्हायरसवरची ‘रोटाव्हॅक’ लस दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बालकांत सापडलेल्या विषाणूपासून हैदराबादेत घडली आणि २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात आली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या कोरोना लसीला आपत्कालीन परवानगी मिळाली. माणसासाठी मान्यता मिळालेली ती जगातील पहिली डीएनए लस होती, आणि ती सुईविना दिली जात असे.

पण इथेही तोच खडा लागतो. ती लस त्वचेत सोडणारे उपकरण अमेरिकेतील फार्माजेट कंपनीचे होते. सरकारने ठरवलेल्या दरात लसीच्या एका मात्रेला २६५ रुपये आणि त्या उपकरणाच्या वापरासाठी आणखी ९३ रुपये मोजले गेले. द्रव्य आपले, दार दुसऱ्याचे आणि दाराचे भाडे वेगळे! सूक्ष्मसुईच्या पट्टीतही हेच घडू द्यायचे काय?

प्रयोगशाळांत हुशारी नाही असेही नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी वेदनारहित सूक्ष्मसुई घडवल्याची बातमी २०२० मध्ये आली. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी आघात-लहरींच्या साहाय्याने औषध त्वचेपार नेणारी सुईविरहित सिरिंज तयार करून उंदरांवर तपासली. मुद्दा इतकाच की, आपल्याकडे शोधनिबंध प्रसिद्ध होतो, वृत्तपत्रांत छायाचित्र छापले जाते आणि तिथेच गाडे रुतते. शोधनिबंध ते कारखाना हा रस्ता बांधण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कोणीच देत नाही.

ज्या सार्वजनिक संस्थांनी हा रस्ता बांधायचा, त्यांची अवस्था काय? २००८ च्या जानेवारीत कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी लसनिर्मिती संस्थांचे परवाने एका फटक्यात स्थगित झाले. कारण दिले गेले उत्पादनाच्या मानकांचे. मानके सुधारण्याआधीच उत्पादन बंद झाले, आणि परवाने परत मिळाले ते २०१० मध्ये. तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे उभारलेले भव्य लस संकुल २०२१ मध्ये, कोरोनाच्या ऐन कहरात, देश लसीसाठी वणवण करीत असताना उत्पादनाविना उभे होते. यात दोष एका सरकारचा किंवा एका पक्षाचा नाही. इमारत उभारली की काम झाले, असे मानणाऱ्या वृत्तीचा तो दोष आहे.

पूर्वजांचे पुण्य किती दिवस पुरणार?

दुसरी वृत्ती अधिक गोड, आणि म्हणून अधिक घातक. त्वचेवाटे रोगप्रतिकार ही कल्पना भारताला नवी नाही, हे खरेच आहे. बंगालमध्ये टीकादार गावोगाव फिरून देवीच्या खपलीतील द्रव्य त्वचेवर ओरखडा काढून टोचत असत. जे. झेड. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन लंडनच्या वैद्यांपुढे ठेवले. एडवर्ड जेन्नरचा पहिला प्रयोग १७९६ चा, म्हणजे त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. हिंदीत लसीला आजही ‘टीका’ म्हणतात, तो त्या परंपरेचाच ठसा.

हे सारे अभिमानाचे आहे. पण टीकादाराचे मोठेपण कशात होते? तो हातात द्रव्य घेऊन उन्हातान्हात घरोघर जात होता यात. नुसते ‘आमच्याकडे हे पूर्वीच होते’ म्हणत ओसरीवर बसला असता तर त्याचे नाव कोणी घेतले नसते. त्याच्या पद्धतीत धोकाही होता. टोचलेल्यांपैकी काही दगावत, काहींपासून साथ पसरे. म्हणून गाईच्या देवीची अधिक सुरक्षित लस आली तेव्हा जुनी पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच झाले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस दिली गेली. पुढे दोन टोकांची साधी, स्वस्त सुई आली आणि तिच्या जोरावर १९७५ मध्ये भारतातून देवीचा रोग हद्दपार झाला. ओरखडा, दुटोकी सुई आणि सूक्ष्मसुई हा एकाच मार्गाचा प्रवास आहे. त्याची पहिली पायरी ज्यांच्या पूर्वजांनी चढली, त्यांनी शेवटच्या पायरीवर ग्राहक म्हणून उभे राहावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा. पट्टी सुईपेक्षा महाग पडेल, असे सांगितले जाते. सुरुवातीला ती पडेलही. पण फेकलेल्या अर्ध्या बाटल्या, बर्फाचे डबे, शीतगृहांची वीज, सुयांच्या कचऱ्याची विल्हेवाट आणि न पोहोचल्यामुळे गेलेले जीव हे सारे सुईच्या खात्यावर कधी मांडले जाते काय? शिवाय महागाईचे खरे कारण उत्पादनाचा आकार हे आहे. लाखो पट्ट्या निर्जंतुक स्थितीत घडवणारे कारखाने नसल्याने पट्टी महाग, आणि पट्टी महाग म्हणून कारखाना उभारायला कोणी धजावत नाही. हे दुष्टचक्र तोडायला खात्रीचा मोठा ग्राहक लागतो. दरवर्षी अडीच कोटींहून अधिक बालके जिथे जन्मतात, त्या देशाएवढा मोठा ग्राहक जगात कोणता?

दुसरा आक्षेप घाईचा. चाचण्या अजून लहान आहेत, हे बरोबर आहे. पावणेतीनशे-तीनशे जणांवरच्या चाचणीने कोणतीही लस कार्यक्रमात येत नाही, येऊही नये. हजारो बालकांवरील पुढचा टप्पा पार व्हायलाच हवा. मात्र तो टप्पा कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली व्हावा, हा प्रश्न उरतोच.

तिसरा आक्षेप विश्वासाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेच्या प्रकल्पात किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्यात आली. संमतीपत्रांबाबत गंभीर प्रश्न उभे राहिले. २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. वनवासी मुलींच्या आईवडिलांना अंधारात ठेवून विज्ञान पुढे जात नसते. पण या प्रकरणातून काढायचा निष्कर्ष चाचण्याच नकोत, हा नव्हे. चाचण्या आपल्या, नियम आपले, पालकांच्या मातृभाषेत समजावून घेतलेली संमती आपली आणि निकाल कसाही आला तरी तो उघड करण्याचे धैर्यही आपले, हा तो निष्कर्ष. तुषारांच्या लसीच्या वेळी हे धैर्य दिसले होतेच. जे लोक या जुन्या जखमेवर बोट ठेवून सगळ्याच लसींविरुद्ध अफवा पिकवतात, ते त्या मुलींना न्याय देत नाहीत. ते गोवंडीतील आणखी काही पाळणे रिकामे करतात.

आता हवे काय?

मागण्या फार नाहीत. केंद्र सरकारने सूक्ष्मसुई पट्ट्यांसाठी कालबद्ध राष्ट्रीय कार्यक्रम आखावा. ठरलेल्या मानकांची पट्टी देशात घडली तर ती ठरावीक संख्येने विकत घेण्याची हमी आधीच द्यावी. औषध आणि उपकरण अशा दोन दालनांत फाईल फिरत राहू नये, म्हणून परवान्याची एकच स्पष्ट वाट आखावी. आणि परळच्या हाफकिन संस्थेसारख्या, प्लेगच्या काळापासून देशाची सेवा केलेल्या सार्वजनिक संस्थांना पुतळ्याप्रमाणे हार न घालता काम द्यावे.

समाजाचेही काम आहे. पल्स पोलिओच्या काळात दोन थेंब पाजायला परिचारिकाच लागत नव्हती. हजारो स्वयंसेवक, शिक्षक, महाविद्यालयीन तरुण रविवारी बूथवर बसले, वीटभट्ट्यांवर गेले, रेल्वे फलाटांवर उभे राहिले. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळलेला रुग्ण शेवटचा ठरला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. सुई नव्हती, म्हणून समाज त्या कामात उतरू शकला. गोवराची पट्टी आली तर तेच पुन्हा घडू शकते. आज सुई टोचण्याचा अधिकार नसलेली आशा कार्यकर्ती उद्या पिशवीतून पट्टी काढून पाड्यावरच्या बाळाच्या मनगटावर लावू शकेल. ऊसाच्या फडात, नर्मदेकाठच्या वस्तीवर, पालावर, जिथे बर्फाचा डबा पोहोचत नाही तिथे ती पोहोचेल.

त्या पिशवीतील पट्टीवर कोणत्या देशाचे नाव छापलेले असेल, हे मात्र आज ठरते आहे. लस पुण्याची आहेच. पट्टीही इथलीच व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती पूर्ण करण्यासाठी लागणारे सारे काही या देशात आहे. उणीव आहे ती फक्त संकल्पाची.